खाडीत बुडवलेला डावा बूट

पहिल्या दिवशी ते बूट घालून मी पुळणीवर उतरले, तेव्हा मला वाटलं, माझ्या टाचांखाली कुणीतरी झोपलंय आणि संथ श्वास घेतंय. पाऊल टाकलं की तळवा जरासा आत जायचा आणि हळूच वर यायचा. ओहोटीची वेळ होती. ओल्या वाळूत आकाश उतरलं होतं आणि मी त्या आकाशावरून पळत होते. मी पळत होते की कुणी मला उचलून पुढे पुढे ठेवत होतं, हे अजूनही नीट सांगता येत नाही.

बूट माझे नव्हते. कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांनी दुकानदाराकडून नमुन्यासाठी एक जोड आणला होता. पळणाऱ्या आम्ही सात मुली, त्यातल्या मी धरून चार अनवाणी. "महिनाभर पळ यात," सर म्हणाले. "पायाला आराम किती, टिकतात का, एक पान लिहून दे. मग सगळ्यांसाठी मागवायचे की नाही ते ठरवू. आणि खरं लिही हं, बाकीच्या सहा जणींचे पाय तुझ्या पानावर आहेत." ते हसून म्हणाले, पण मला काही हसता आलं नाही.

आमच्या घरात अहवाल कधी कुणी लिहिला नव्हता. बाबा किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढतात, आई बाजारात मासे विकते, आणि कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला फक्त प्रॅक्टिकलची वही माहीत होती, म्हणून तशीच शीर्षकं घातली: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आरामाची निरीक्षणं भराभर सुचली. कसालकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर नडग्या दुखल्या नाहीत. चिऱ्याच्या पायवाटेवर खडा टोचला नाही. रात्री टाच ठणकली नाही.

एका संध्याकाळी आई बाजारातून आली. दिवसभर सिमेंटवर उभं राहून तिच्या टाचा भरून येतात. दारातल्या बुटांकडे बघत म्हणाली, "वायच बघू गो." आमचा पाय एकाच मापाचा. तिने बूट घातले आणि दारापुढच्या खळ्यात जाऊन नुसती उभी राहिली. मग डोळे मिटले.

"कसो लागता?" मी विचारलं.

"होडयेत उभी रवल्यासारख्या वाटता," ती म्हणाली. "ल्हान आसताना बापाशीबरोबर जायचंय मा, तसा." थोडा वेळ ती तशीच होती, जराशी डुलत. मग एकदम भानावर येऊन तिने बूट काढले, पदराने पुसले. "घे. लोकांची वस्तू ती."

मी हे वहीत लिहिलं आणि खोडलं. अहवालात आईचं बोलणं कसं चालेल?

अडलं ते टिकाऊपणापाशी. तीन आठवडे झाले तरी तळव्यावरची नक्षीसुद्धा झिजली नव्हती. आता काय लिहायचं? बाबा खळ्यात बसून रापणीचा नवा दोर गुंडाळत होते. त्यांना विचारलं, "बाबा, वस्तू टिकतली की नाय ता कसा कळतला?"

"मी काय करतंय? नव्या दोराचो हातभर तुकडो कापतंय, दगडाक बांधून खाडयेत सोडतंय. चार दिवसांनी काढून उन्हात सुकवतंय आणि ओढून बघतंय. कोरडो दोर सगळोच बरो."

"आणि बूट?"

"बूट काय नि दोर काय. खारा पाणी दोघांकाव सारख्याच."

हे बोलताना ते हसले का, ते मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डावा बूट दगडासकट दोराला बांधला आणि धक्क्यावरून खाडीत सोडला. उजवा घरात ठेवला. तुलनेसाठी एक वस्तू जशीच्या तशी ठेवायची असते, हे मला प्रॅक्टिकलमध्ये शिकवलं होतं.

ते चार दिवस मी वर्गात असून नव्हतेच. फळ्याकडे बघताना मला हिरव्या पाण्यात डुलणारा बूट दिसायचा. भरती आली की तो वर तरंगायला बघत असेल, ओहोटीला समुद्राकडे तोंड करत असेल. त्याच्या आत छोटे मासे शिरून टाचेच्या मऊ भागावर विसावत असतील. झोपेत वाटायचं, माझं एक पाऊल मला न सांगता पाण्याखालून चालत निघालंय, आणि त्याला कुठे जायचंय ते मला विचारताही येत नाहीय.

चौथ्या दिवशी बूट वर काढला आणि दिवसभर कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर कडक उन्हात ठेवला. संध्याकाळी बघते तर पुढचा तळवा सुटून बुटाने तोंड उघडलेलं. मिठाने कापड ताठ झालं होतं. टाचेखालचा तो श्वास घेणारा मऊपणा आक्रसून कडक झाला होता. दोन्ही शेजारी ठेवले तर डावा धाकटा भाऊ वाटत होता.

"शिरा पडली!" आईने कपाळाला हात लावला. "गो, बूट म्हणजे काय बांगडो वाटलो तुका, सुकत घालूक?"

"मी दोराचा सांगी होतंय," बाबा पुटपुटले.

"तुमी पण! कॉलेजात जाणाऱ्या चेडवाक दोर शिकवतास!"

सोमवारी पान द्यायचं होतं. रविवारी मी एक पान लिहिलं: पळताना डाव्या बुटाचा तळवा सुटला, बूट टिकाऊ नाही. अक्षर सुंदर आलं होतं. बूट खाडीत बुडवला हे कळलं असतं तर अख्खं कॉलेज हसलं असतं, आणि मला तिथे आधीच फार जपून बोलावं लागतं. पण त्या पानामुळे बाकीच्यांचे बूट येणार नव्हते. माझ्या बाजूने पळणारी मुलगी टाचेला चिकटपट्टी लावून पळते. मला तीच चिकटपट्टी दिसत राहिली.

मी पान फाडलं आणि 'कृती'खाली लिहिलं: डावा बूट चार दिवस खाडीत बुडवून उन्हात सुकवला, कारण आमच्या घरी दोर असाच तपासतात. चूक बुटाची नाही. मग 'निरीक्षण'मध्ये आईचं होडीचं वाक्यही परत लिहिलं. आता सगळं खरंच लिहायचं तर तेही खरं होतं.

सरांनी पान उभ्याउभ्याच वाचलं. "खाडीत?"

"हो सर."

ते तोंडावर हात ठेवून हसले. शेवटाकडे आले तेव्हा हसू थांबलं. "होडीत उभं राहिल्यासारखं. हे कोण म्हणालं?"

"आई."

त्यांनी पानाची घडी करून खिशात ठेवली. "सहा जोड मागवू. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुवायचे आणि सावलीत सुकवायचे, हे तू सगळ्यांना सांग. हा जोड मात्र दुकानदार परत घेणार नाही. तो तुझाच."

त्या रात्री बाबांनी जाळ्याच्या नायलॉन धाग्याने बुटाचं तोंड शिवलं, बारीक बारीक गाठी घालून. मी त्यात आठवडाभर पळून बघितलं. उजवा पाय ढगात पडायचा, डावा जमिनीवर, आणि सरळ पळतेय असं वाटत असताना मी पाण्यात शिरलेली असायचे. सहा जणी नव्या बुटांत पुढे जायच्या. मी पुन्हा अनवाणी पळू लागले. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आता ते बूट आई बाजारात घालते. डाव्यात टाचेखाली जुन्या लुगड्याची घडी असते. परवा कॉलेज सुटल्यावर मी तिच्याकडे गेले. गिऱ्हाईक नव्हतं. ती टोपलीमागे उभी होती, डोळे अर्धे मिटलेले, जराशी डुलत.

"कसो लागता?" मी विचारलं.

"बरो," ती म्हणाली. "होडी वायच डावीकडे कलता, इतक्याच."