न खुडलेली अंबाडी

जीप फाट्यावर येऊन थांबली तेव्हा आई पदराची गाठ सोडत होत्या. सासूबाईंना मी आईच म्हणते. गाठीतून त्यांनी गोळ्यांची एक रिकामी प्लास्टिकची डबी काढली, स्वतःच्या हाताने माझ्या पर्समध्ये घातली आणि पर्सची चेन ओढली.

"खसखस नाई व ती. भिऊ नको. अंबाडीचं बी हाय."

आखातात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराला खसखशीची भीती ठाऊक असते. तिकडे ती न्यायला बंदी आहे, त्यामुळे आमच्या दिवाळीतले अनारसे खसखशीवाचूनच होतात. तेवढ्या दुःखातही आईंना ते आठवत होतं.

"मागच्या सालच्या आखाडात विलास रजेवर आला होता नं, तवा त्यानं वावराच्या धुऱ्यावर पेरली होती. तिचंच बी. अर्धं मी ठेवलं, अर्धं तुले. पोचली की फोन करजो."

लग्न झालं त्या वर्षी याच फाट्यावरून मी आणि विलास पहिल्यांदा निघालो होतो. तेव्हाही आई अशाच उभ्या होत्या. विलास त्यांना म्हणाला होता, "दोन वर्षं, आई. फार तर तीन." दोनाची किती झाली ते आम्ही मोजणं कधीच सोडून दिलं. सई तिकडेच जन्मली, तिकडेच माझ्याहून उंच झाली. या वेळी जीपमध्ये मी आणि सई दोघीच चढलो.

विलास ऑगस्टमध्ये गेला, अल ऐनमध्ये, कामावर असताना. काही इमारतींचे एसी आणि पाण्याचे पंप बघणारा तो सुपरवायझर होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी कंपनीचा माणूस माझ्यासमोर बसला. चांगला माणूस होता. खाली बघून त्याने विचारलं, "मॅडम, यहाँ करना है या इंडिया भेजना है? दोनों हो जाएगा. इंडिया का चार-पाँच दिन लगेगा, बस." आणि मी म्हणाले, "यहीं."

माझ्यावर कुणी दबाव आणला नव्हता. कागदपत्रांची अडचण नव्हती. मला फक्त एवढंच दिसत होतं, की विमानात मी वर खिडकीशी बसले आहे, हवाई सुंदरी मला ज्यूस विचारते आहे, आणि खाली सामानात विलास आहे. ते माझ्याने झालं नसतं. म्हणून इथेच उरकलं. सई, मी आणि त्याच्या ऑफिसमधले काही जण. मुलाचं तोंड शेवटचं बघायचा हक्क ज्या बाईचा माझ्याआधीचा होता, तिला मी एका शब्दात वगळलं.

अस्थी घेऊन फाट्यावर उतरलो तेव्हा आईंनी माझ्याकडे पाहिलं, सईकडे पाहिलं, मग आमच्या मागे जीपच्या उघड्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ. शेवटी ड्रायव्हरने उतरून दार लावलं. नंतर त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. विचारलंही नाही. बोलल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं.

परत आल्यावर डबी बरेच दिवस फ्रिजवर होती. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकं लावायची, मुलांना गप्प बसवायचं, घरी यायचं, एवढंच चाललं होतं. एका रात्री सगळं बी काढून ताटलीत पसरलं. राखाडी, टोकदार, तीन धारांचं बी. अर्धं परत डबीत ठेवलं आणि अर्धं पाण्यात भिजत घातलं.

बाहेर पेरण्यात अर्थ नव्हता. सप्टेंबरातसुद्धा आमच्या बाल्कनीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. घरात मात्र एसीचा गारठा असतो, त्यात बी कुडकुडून बसतं. मग भिजलेलं बी ओल्या फडक्यात गुंडाळून मी वायफायच्या डब्यावर ठेवलं, कारण घरात कायम कोमट असलेली तेवढी एकच जागा आहे. बियांना पांढरी शेपटी फुटली तेव्हा दह्याच्या रिकाम्या कपांना तळाशी भोकं पाडली, नर्सरीतली माती भरली आणि प्रत्येक कपात एकेक बी बोटाच्या पेराएवढं खोल लावलं. काही दिवसांनी मातीतून कोंबाचा बाक वर आला. मग तो बाक सरळ झाला आणि टोपी टाकून दोन गोल पानं वर आली. सईला हाक मारली. ती म्हणाली, "क्यूट," आणि गेली.

ती सगळी रोपं मी मारली.

पाण्याने मारली. त्यांची गरज बघून मी पाणी देतच नव्हते. विलासचे शर्ट कपाटात दिसले की उठून पाणी घालायची. गावाहून दिराचा फोन आला, आईंनी जेवण कमी केलंय म्हणाला, की पाणी. माझ्या हातून कुणासाठी तरी काहीतरी व्हावं म्हणून पाणी. एका सकाळी पाहिलं तर देठ मातीलगत पाणचट, दोऱ्यासारखे बारीक झालेले, आणि रोपं आडवी पडलेली. जन्मभर पाणी किती सोडायचं आणि कधी बंद करायचं हेच काम केलेल्या माणसाची ती रोपं होती. मी खिडकीपाशी उभी राहून मोठ्याने म्हणाले, "सॉरी." इतक्या दिवसांत तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला, तोही दह्याच्या कपांपुढे.

उरलेलं बी लावताना हात राखून वागले. माती वरून कोरडी दिसल्याशिवाय पाणी नाही. पाणी वरून ओतायचं नाही, ताटलीत घालून खालून पिऊ द्यायचं. खिडकीच्या काचेला काळी फिल्म आहे, म्हणून टेबललॅम्प रोपांवर खाली वाकवून ठेवला. रोज त्यांच्यावरून हलकेच तळवा फिरवायची, कारण वारा लागला नाही तर देठ ताठ होत नाहीत. ऊन उतरल्यावर आधी थोडा वेळ, मग जरा जास्त, असं त्यांना बाल्कनीची सवय लावली. या वेळी रोपं जगली. गोल पानांनंतर तीन बोटांचं पान आलं, मग पाच बोटांचं, कडेला करवतीसारखे दाते असलेलं.

सई फोनमधून मान वर काढून म्हणाली, "मम्मा, दॅट लुक्स लाइक वीड."

"काय?"

"वीड. गांजा. सीरियसली, गूगल इट."

मी शोधून पाहिलं. पानाला पान जुळत होतं. लहानपणापासून जी भाजी खाल्ली तिच्याकडे मी अशा नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, शफीक, एसीच्या माणसाला घेऊन घरात आला आणि बाल्कनीशी थबकला.

"मैडम, ये क्या लगाया?"

"सब्जी है."

"सब्जी?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रोपांकडे. "हटा दो मैडम. मैं तो जानता आप टीचर लोग है. कोई फोटो निकालेगा तो खलास."

पूर्वी आमच्या तिघांचा व्हिसा विलासच्या नोकरीवर होता. आता माझा माझ्या नोकरीवर आहे आणि सईचा माझ्यावर. मी कप उचलले आणि बाथरूममध्ये पडद्यामागे नेऊन ठेवले. दार लावल्यावर लक्षात आलं, की गांजा लावणारा माणूस नेमकं हेच करेल. त्या अंधारात रोपं फिकट आणि लांब होत गेली. फोनवर आई विचारायच्या, "उगोली काय?" मी म्हणायची, "हो, छान आहेत." दिसायला दुसरं काही असलेल्या भाजीसाठी मुलीचं इथलं राहणं पणाला लावायचं नाही, असं ठरवून मी शनिवारी सकाळी काळी पिशवी घेतली. पण विलासने पेरलेल्यातलं माझ्यापाशी यापुढे काही उरणार नव्हतं. एकदा आईंना न विचारता ठरवलं होतं. या वेळी दिराच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला.

आईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "काय व हे! काडीवानी वाढली. खुडली नाई काय?"

"नाही, आई."

"काहून?"

"विलासची आहेत म्हणून."

"विलासची कायची? भाजी हाय ते! शेंडा खुडल्याबिगर फांदी फुटते काय? एवढी पुस्तकं तुह्यापाशी, एकातबी नाई लिहिलं?"

मग मी शफीकचं, सईचं, बाथरूमचं सगळं सांगितलं. आई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. "गांजा! आता बाप्पा! अवं, विलासनं चौथीत हाच पाला मास्तरच्या टेबलावर ठेवला होता. गुर्जी, गांजा सापडला म्हणे! असा मार खाल्ला, असा मार खाल्ला…" त्यांचं हसणं थांबलं तरी पदर तोंडावरच राहिला.

ती गोष्ट मला माहीत नव्हती. त्याच्याबरोबर इतकी वर्षं राहून माहीत नव्हती. मी म्हणाले, "आई, तुम्हाला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. माझ्यामुळे."

"हो नं," त्या म्हणाल्या. जाऊ दे म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाई पाह्यलं. म्हणून मले वाटते, तो अजून निघालाच हाय तिकून. फाट्यावर जीप थांबली का नजर जाते."

त्यांनी मला माफ केलं की शिक्षा सुनावली, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "खुड आता. माह्यासमोर खुड."

मोबाइल नळाला टेकवून मी एकेक शेंडा खुडला. कोवळा देठ मोडताना बारीक टच आवाज येतो. आई प्रत्येक वेळी "हं" म्हणत होत्या. शेवटची दोन रोपं राहिली तेव्हा म्हणाल्या, "ते राहू दे. बियाले."

मूठभरच पाला निघाला. तो डाळीत शिजवला, तांदळाच्या कण्या घातल्या आणि वरून लसणाची फोडणी दिली. सईने तोंड वाकडं केलं. "इट्स सो सावर. बाबा लाइक्ड धिस?"

"फार."

ताट पुढे करून तिने अजून थोडी मागितली. एक वाटी मी खाली शफीकला नेऊन दिली. त्याने चव घेतली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "बहुत खट्टा, मैडम. गांजा ऐसा नहीं होता." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो घाईने म्हणाला, "सुना है."

कुणी विचारलं तर भाजी आहे असं सांगायला आता शफीक होता, म्हणून रोपं परत बाल्कनीत आली. खुडलेल्यांना बगलेतून फांद्या फुटल्या. न खुडलेल्या दोघांना दिवस लहान झाल्यावर फुलं आली. फिकट पिवळी, मधे गडद लाल डोळा असलेली. आता बोंडं धरली आहेत, हाताला टोचतात.

लोक विचारतात, आता कायमची परत जाणार का? सईची शाळा आहे, माझी नोकरी आहे, असं मी सांगते, आणि ते खरंही आहे. पण मी राहते ते घर आणि आई वाट बघतात तो फाटा, या दोन्हींच्या मधल्या वाटेवर विलास आहे, असं आईंनी ठरवलं आहे. त्या वाटेचं एक टोक कुणीतरी धरून ठेवायला हवं. माझ्यापुरतं घर आता तेवढंच आहे.

सुट्टीत त्याच गोळ्यांच्या डबीत बी घेऊन आम्ही जाऊ. फाट्यावर जीप थांबेल. आधी सई उतरेल, मग मी. आई आमच्याकडे बघतील, मग आमच्या मागे. ड्रायव्हर उतरायला लागला तर मी त्याला थांबवीन. त्यांचं बघून होईपर्यंत दार उघडंच राहू देईन.