मुळं बघून रोप घेणाऱ्या सिस्टर

रोप हातात आलं की आमच्या गल्लीतल्या सिस्टर ते आधी उलटं करायच्या. खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरायचं, ट्रेचा कप्पा खालून अंगठ्याने दाबायचा, गड्डा अलगद बाहेर काढायचा आणि मुळं बघायची. पांढरी असली तर रोप पिशवीत. तपकिरी असली किंवा गड्ड्याभोवती गुंडाळलेली असली तर परत. "वरनं समदीच देखणी असत्यात," असं विकणाऱ्या बाईला ऐकवून त्या पुढच्या रोपाला हात घालायच्या.

अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. विकणारे त्यांना बघून तोंड फिरवतात. सिस्टरांना मात्र रविवारच्या बाजारातल्या रोपवाल्या स्वतःहून हाक मारायच्या, कारण सिस्टर जिथे थांबतील तिथे गल्लीतली चार घरं थांबायची. आता त्या नाहीत. चार घरं चार ठिकाणी घेतात आणि पस्तावतात.

त्यांची नोकरी राधानगरीकडच्या सरकारी दवाखान्यांत झाली. खालचं पान उलटून पांढरी माशी शोधताना त्या आजाऱ्याची पापणी ओढून बघितल्यासारखं बघायच्या. मी हिशेबाचा माणूस. त्याच दरात उंच रोप मिळत असताना बुटकं का घ्यावं, हे मला पटत नसे. पहिल्या वर्षी मी वांग्याची सगळ्यांत उंच, फुलावर आलेली रोपं निवडली.

"भाऊ, पोलिसात भरती करायची हाय काय ह्यांची?" सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. दाटीत उजेडासाठी धडपडलेलं रोप उंच होतं, आणि फूल आलेलं रोप ट्रेमध्येच म्हातारं झालेलं असतं. घ्यायचं ते बुटकं, जाड खोडाचं. मी ऐकलं नाही. त्या हंगामात माझी सगळी वांगी एका भाजीत संपली, आणि पुढे आम्ही त्यांच्या घराभोवतीच्या परड्यातली खाल्ली.

त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं चंदगडच्या गाडीवर. गल्ली त्यांना मामा म्हणते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सिस्टरांची आठवण जाऊ लागली. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. दोनदा त्या घरातून निघून हरवल्या. एकदा तर रंकाळ्याच्या पलीकडे सापडल्या. पुण्याच्या मुलीने निर्वाणीचं सांगितलं, दाराला कुलूप लावा, नाहीतर मी आईला इकडे संस्थेत ठेवते. मामांना दोन्ही मान्य नव्हतं. "जलमभर लोकांच्या बाळंतपणाला धावली ती," ते मला म्हणाले. "तिला कोंडू व्हय मी?"

परड्यात रोपं असली की सिस्टर बाहेर जात नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सकाळी त्या मन लावून रोपं लावायच्या. दुपारी त्यांना वाटायचं, ही आत्ताच बाजारातून आणलीत. मग त्या एकेक उपटायच्या, माती झाडून मूळ बघायच्या, समाधानाने मान हलवायच्या आणि पुन्हा लावायच्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. कितीही सशक्त रोप आणा, आठवड्याच्या आत मान टाकायचं. दर रविवारी मामा नवे ट्रे आणायचे. एवढ्या रोपांना एक मिरचीसुद्धा लागली नाही, असं मी एकदा बोललो. "बाई घरात हाय न्हवं?" ते म्हणाले. "मिरच्या काय, मंडईत मिळत्यात की."

मग गेल्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले, नदी वाढली आणि जयसिंगपूरकडचा रस्ता पाण्याखाली गेला. रोपं तिकडून येतात. रविवारी बाजारच भरला नाही. परड्यातली शेवटची रोपं संपली आणि सिस्टर फाटकाशी येऊन उभ्या राहू लागल्या.

एका सकाळी मामा माझ्या दारात आले. एरवी उंबऱ्याबाहेरूनच मोठ्याने जय भीम घालणारा माणूस, त्या दिवशी नुसताच म्हणाला, "भाऊ, गाडी काढा."

माझी बायको सिस्टरांपाशी बसली आणि आम्ही निघालो. एका नर्सरीला कुलूप, दुसरीत पाणी. उंचावरच्या तिसऱ्या नर्सरीत कोपऱ्यात टाकून दिलेला मिरचीचा एक ट्रे होता. रोपं काडीसारखी ताणलेली, पिवळी, पानं बोकड्या रोगाने चुरगळलेली. मी म्हणालो, मामा, यातलं एकही जगणार नाही.

"जगवायचंय कुणाला?" ते म्हणाले. "सांजच्यापतोर तिच्या हातात ऱ्हाऊ दे."

येताना मामांनी ट्रे मांडीवर घेतला.

घरी सिस्टरांनी एक रोप उचललं, पान उलटलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कित्येक महिन्यांत न दिसलेला, दवाखान्यातला चेहरा. "अवो, ही आजारी हाईत. बाकीच्यांस्नी लागंल. कुणी दिली? परत करा."

त्यांनी आपल्याला ओळखून हाक मारली, याचाच मामांना इतका आनंद झाला, की ते चहा ठेवायला आत धावले. मी आणि बायको आमच्या घरी आलो. मामा कप घेऊन बाहेर आले तेव्हा परडं रिकामं होतं. रोपं परत द्यायला सिस्टर स्वतःच निघाल्या होत्या.

अंधार पडता पडता त्या सापडल्या. न भरलेल्या बाजाराच्या फुटपाथवर, रोपवाल्यांच्या जागेवर, चिंब भिजून, मांडीवर ट्रे घेऊन बसल्या होत्या. ताप उतरायला बरेच दिवस लागले.

त्यानंतर मामांनी मला फाटकासाठी कुलूप आणायला सांगितलं. म्हणाले, "माझ्यानं दुकानात मागवत न्हाय." मी आणलं. एक किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली.

एका संध्याकाळी मामा औषधाला गेले होते. मी फाटकासमोर थांबलो, तर आत सिस्टर रिकामा ट्रे घेऊन उभ्या.

"पावणं, तेवढं काढा की. बाजार उठंल."

मी सांगितलं, आज बाजार नाही. त्यांनी दोन्ही हातांनी फाटक हलवलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मला तिथून हलवेना. खिशातली किल्ली बाहेर काढवेना. बारीक पाऊस लागला. आम्ही दोघंही भिजत राहिलो.

मामा आले. सिस्टर त्यांना हलक्या आवाजात म्हणाल्या, "अवो, ह्या पावण्यास्नी कुणीतरी भाईर कोंडलंय. केव्हाचं उभं हाईत. सोडा की त्यांस्नी."