देवजीकाकांचं आवतण

देवजीकाका गेल्याची बातमी आमच्या घरी गवताच्या ट्रकवरच्या क्लीनरने आणली. दारात उभं राहून त्याने ती इतक्या हलक्या आवाजात सांगितली, की आत सायकलचं पंक्चर काढत बसलेल्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती ऐकूच गेली नाही. मीच आत जाऊन सांगितलं. नानांनी ट्यूब बादलीत बुडवलेली होती. ती तशीच पाण्यात धरून ते बसून राहिले. बुडबुडे येत होते, भोक सापडलं होतं, पण त्यांनी त्यावर बोट ठेवलं नाही... मग मान वर करून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळ्याला पत्र्याचा कर्णा टांगलेला होता.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. डहाणूपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत ज्यांच्या आवाजाने माणसं चुलीपासून उठून अंगणात येत, त्या तलासरीजवळच्या वेवजीच्या देवजीकाकांबद्दल मुंबईच्या वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. पुढाऱ्यांची भाषणं छापून येतात. ती ऐकायला माणसं कोणी जमवली, हे कोणी छापत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर डहाणूतल्या मसोलीत. नानांच्या घरच्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत, पण कम्युनिस्ट पक्षाचं सभासदपत्र घेतलं त्या वर्षी थोरल्या काकांनी, म्हणजे नानांच्या मोठ्या भावाने, त्यांना वाडीबाहेर काढलं आणि नानांनी डहाणू रोडला सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. पक्षाच्या राज्य शाखेकडून येणारी पत्रकं, पुस्तिका, जाहीरनामे सगळे आमच्या दोन खोल्यांतच उतरायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. गठ्ठ्यावर बसून जेवले, गठ्ठ्याला टेकून अभ्यास केला. “इतर पोरी ‘आई’ म्हणायला शिकतात, ही ‘उठा’ म्हणायला शिकली,” असं आई थट्टेने म्हणायची.

पण ती पत्रकं वाचणार कोण? तलासरीकडच्या पाड्यांवर त्या काळी वाचता येणारा माणूस शोधावा लागे. तेव्हा नानांनी स्टेशनाजवळच्या डबे सांधणाऱ्या भाईकडून गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून एक कर्णा करून घेतला आणि तो देवजीकाकांच्या हाती दिला. काका वारली जमातीचे. अंगाने काटक, डोक्याला कायम एक फडकं, कमरेला मागे लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता. कर्ण्याच्या तोंडाची कड ओठाला कापायची, उन्हात चटके द्यायची. काकांनी काय करावं? दुकानात पडलेल्या एका फाटक्या लाल बावट्याची पट्टी फाडली आणि तिथे गुंडाळली.

नाना ओरडले, “अरे देवजी, बावटा आहे तो!”

“म्हनूनच ना, नाना,” काका गाठ मारत म्हणाले. “तोंडाजवळ बावटा असला, मंग खोटा बोलवत नाय.”

पुढच्या काळात दोघांचा रिवाजच पडला. बाजाराच्या दिवशी काका डहाणूला येत, आईच्या हातचा कोरा चहा घेत आणि नाना त्यांना नवं पत्रक वाचून दाखवत. साम्राज्यवाद, सरंजामशाही, आंतरराष्ट्रीय परिस्थिती... काका डोळे मिटून सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “यातला सांगायचा काय?” मग नाना डोकं खाजवत आणि चार पानांतून तीन वाक्यं काढत. ती तीन वाक्यं आणि आमच्या भिंतीवरचा कर्णा घेऊन काका निघत. दिवस कलला, माणसं कामावरून परतली, की पाड्याबाहेरच्या टेकाडावर उभे राहून कर्णा लावत. कोण बोलवतंय, कुठे, कशासाठी, आणि शेवटी ठरलेलं, “सगल्यांनी या!” ते ‘या’ इतकं लांब जायचं, की पलीकडच्या पाड्यातली कुत्री उत्तर द्यायची.

गवतकापणीच्या मजुरीचा संप झाला तेव्हाची गोष्ट. काकांनी कर्णा थेट आमच्या थोरल्या काकांच्या वाडीच्या कुंपणाशी लावला. थोरले काका तणतणत बाहेर आले. “काय रे देवज्या, आमच्या नानाला बिघडवलंस, आता आमचे गडीही बिघडवतोस?”

“शेठ, तुमचा नाना तं घरूनच बिघडून आलता,” काका म्हणाले. “आमी नुसता वापरला.” कुंपणाआडचे गडी हसू दाबत खाली बसले. थोरले काका पाय आपटत आत गेले, आणि मजुरी वाढली ती वेगळीच. पुढे कित्येक वर्षं नाना हा प्रसंग सांगताना स्वतःच इतके हसत, की शेवटचं वाक्य आईला पूर्ण करावं लागे.

महाराष्ट्र झाला तेव्हा आम्ही मसोलीत पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, “माझी बहीण पल्याडच्या पाड्यात दिलीय. ती आता गुजरातेत?” नाना हो म्हणाले. “मंग पक्षाची शाखापन तिची दुसरी?” तेही खरं होतं. काकांनी विचार केला. “बरा. कर्णा मधीच उभा राहून लावतो. दोन्ही शाखांना ऐकू जाईल.” आणि खरोखरच ते हद्दीवर उभे राहून आवतण देत. वारा असेल त्या बाजूला गर्दी जास्त.

मग पक्ष फुटला. आधी दिल्लीत, मग मुंबईत राज्य शाखेत, आणि सगळ्यात शेवटी आमच्या दोन खोल्यांत. नाना जुन्या पक्षात राहिले. देवजीकाका आणि तलासरीकडचे बहुतेक कार्यकर्ते नव्या पक्षाकडे गेले. मी कॉलेजात होते, सगळी कागदपत्रं वाचली होती, आणि मीही काकांच्या बाजूने गेले. नानांची वाट तडजोडीची होती असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. आजही तेच म्हणते. एका घरात दोन पक्षांची दोन साप्ताहिकं येऊ लागली. पोस्टमन दारातून ओरडायचा, “हे बापाचं, हे लेकीचं, भांडू नका!” आम्ही जेवताना भांडत असू. आई म्हणायची, “वरण कुठल्या लाइनचं आहे ते तरी विचारा.”

पण कर्णा एकच होता, आणि तो नानांच्या भिंतीवर होता. फुटीनंतर पहिल्याच बाजाराला काका आले. चहा घेतला. उठताना त्यांनी भिंतीकडे पाहिलं. नानांनी स्वतः कर्णा काढून हातात दिला. “पक्षाचा आहे, ने,” म्हणाले.

“कुठल्या पक्षाचा?” मी विचारलं. काकांनी कर्णा खांद्याला लावला आणि नाना पुन्हा पंक्चर काढायला बसले.

त्या हंगामात नानांनी तलासरीला आपल्या पक्षाची सभा लावली. घशाच्या जुन्या दुखण्याने त्यांचा आवाज तोवर पार बसला होता. समोर बसलेल्यांना ऐकू जाई, एवढाच. दुसऱ्या कोणीतरी कर्ण्याशिवाय पाड्यांवर हाळी दिली. सभेला आले ते दोन गुराखी आणि एक पोलीस. नाना त्या तिघांसमोर पूर्ण भाषण करून घरी आले, आणि मी, खरं सांगते, जिंकल्यासारखी जेवले.

पुढच्या सभेच्या वेळी मी तलासरीत आमच्या शाखेच्या खोलीत होते. खोली म्हणजे कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली, दारावर आमचा नवा फलक. दिवस कलत होता. आणि टेकाडावरून ओळखीचा आवाज आला. “उद्या नानांची सभा हाय हो! डहाणूवाले नाना! बाजाराच्या मैदानात! नाना बोलनार हायत. ते चुकीचा बोलनार हायत! पन सगल्यांनी याऽऽ!”

मी धावतच टेकाड चढले. “काका, हे काय करताय? ते आपले विरोधक आहेत! शिस्त म्हणून काही आहे की नाही?”

काकांनी कर्णा खाली घेतला. “चुकीचा बोलनार हायत, ह्या सांगितला ना मी?”

“पण तुम्ही त्यांना माणसं जमवून देताय!”

ते खाली बसले, कमरेचा कोयता नीट केला, तंबाखूची चिमूट दाढेत धरली. “बाय, आमच्या पाड्यात लगीन निघाला, म्हंजे हळदीचे तांदूळ घेऊन एक मानूस घरोघर जातो. आवतन द्यायला. त्याचा लगीनघराशी भांडन असंल, बोलचाल नसंल, तरी त्यालाच जावा लागतो. मी नाय जात, असा म्हनाय येत नाय. म्हनला, तं दुसऱ्या वेळंला त्याच्या आवतनाला कोन येईल?” मग माझ्याकडे पाहून हसले. “तुजा बाप चुकला, ह्या लोकांनी ऐकून ठरवू दे. आवाज नाय म्हनून हरला, असा नको.”

मी म्हटलं, पक्ष म्हणजे लग्नघर नाही. ते म्हणाले, “नायच. लग्नात जेवायला तरी मिलते.”

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. नाना हलक्या आवाजात बोलले, म्हणून माणसं अगदी जवळ सरकून बसली. सभेनंतर फारसं कोणी त्यांच्या पक्षात गेलं नाही. पण पुन्हा कधी त्यांना तिघांसमोर बोलावं लागलं नाही, कारण काकांनी त्यांची एकही सभा चुकवली नाही. आणि एकदाही “ते चुकीचा बोलनार हायत” हे वाक्य गाळलं नाही.

गोष्ट मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. आमच्या राज्य शाखेने एका पदाधिकाऱ्याला चौकशीला पाठवलं. स्वच्छ, कडक, अभ्यासू गृहस्थ. मला त्यांच्याबद्दल आदर होता, अजून आहे. कुडाच्या खोलीत आम्ही सगळे दाटीने बसलो. निवडणूक तोंडावर आली होती. विरोधकांचा प्रचार करणाऱ्याला पक्षात जागा नाही, हा नियम मी स्वतः सभासदांना समजावलेला होता. ज्या माणसाने या भागात पक्ष पायाने पोचवला, त्यालाच आता त्या नियमाने बाहेर जावं लागणार, हे मला दिसत होतं.

“कॉम्रेड, तुम्ही त्यांच्या सभेची दवंडी पिटलीत, हे खरं?”

“दवंडी नाय. आवतन.”

“यापुढे फक्त आपल्या सभा. तसं कबूल करा, विषय संपला. नाहीतर मला तुम्हाला पक्षातून काढण्याची शिफारस करावी लागेल.”

काकांनी शेजारचा कर्णा हातात घेतला. मग उठले. सदऱ्याच्या खिशातून सभासदाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या शेजारी कर्णा ठेवला. “साहेब, या दोघांत वेगलेपन नाय मना ठावा. तुमी म्हनता हाय, तं यातला एक उचला.”

पदाधिकाऱ्यांनी कार्डाकडे पाहिलं, कर्ण्याकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून म्हातारी सोनीबाय, संपात जेलमध्ये जाऊन आलेली, मोठ्याने म्हणाली, “उचल बाबा, कर्नाच उचल. पन मंग पाडे तूच फिर. चप्पल हाय ना चांगली?”

सगळी खोली हसली. ते गृहस्थही हसले, नाइलाजाने. त्यांनी दोन्ही वस्तूंना हात लावला नाही. मुंबईला गेल्यावर त्यांनी सक्त ताकीद पाठवली. ती मीच काकांना वाचून दाखवली. काकांनी डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, “यातला सांगायचा काय?”

मी म्हटलं, “काही नाही.”

छातीच्या दुखण्याने ते खाटेला खिळले आणि कर्णा त्यांनी नानांच्या भिंतीवर परत पाठवला, तेव्हा मी वेवजीला गेले होते. अंगणात खाट टाकलेली. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाले, “मी मेलो, मंग दोन सभा लावू नका. लोकांना दोनदा चालाय लागंल.” मी खोटी रागावले. त्यांनी हाताने वारा घातल्यासारखं केलं आणि आईच्या संधिवाताची चौकशी केली... तीच शेवटची भेट.

आणि अर्थातच दोन सभा लागल्या. आमच्या शाखेने एक दिवस ठरवला, जुन्या पक्षाने दुसरा. दोन्हींची पत्रकं छापायला जाणार, एवढ्यात नानांनी दुकान बंद केलं, कर्णा काखेला मारला आणि तलासरीची एसटी धरली. मी मागोमाग गेले. दिवस कलताना नाना ते टेकाड चढले. वाटेत दोनदा थांबले. वर पोचल्यावर कर्णा तोंडाला लावला, तर पहिल्यांदा नुसती हवा आली. खाली कुडाच्या भिंतींवर ऊन तांबूस झालं होतं. बायका चुलीपाशी होत्या.

“उद्या देवजीची सभा आहे हो!” फुटका, चिरका आवाज. पण कर्णा तोच होता. एकेक माणूस अंगणात आला. “बाजाराच्या मैदानात! एकच सभा! देवजी काही बोलणार नाही...” मग त्यांनी, डहाणूच्या वाडीवाल्यांच्या घरात जन्मलेल्या माझ्या वडिलांनी, काकांच्या बोलीत आवतण पूर्ण केलं. “पन सगल्यांनी या.”

सभा एकच झाली. दोन्ही बावटे आले. मैदानात गर्दी मावली नाही.

कर्णा पुन्हा मसोलीच्या भिंतीवर आहे. त्याच्या तोंडाची पट्टी आता लाल राहिलेली नाही, तंबाखूने आणि ओठांनी काळपट झाली आहे. आई ती धुवायला निघाली होती, नानांनी धुऊ दिली नाही. परवा आमच्या शाखेच्या सभेसाठी मी तो खिळ्यावरून काढला. नाना चाकाच्या तारा घट्ट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पट्टी बदलू नकोस,” एवढंच म्हणाले.