दारूकोठाराच्या दारातल्या चपला

सरहद्दीवरच्या त्या किल्ल्यातलं दारूकोठार अजून धड उभं आहे. मी आत शिरणार, तोच रखवालदारकाका म्हणाले, "ताई, चपला बाहेर."

"आत देव आहे का?"

"देव कसला! इथं तोफांची दारू असायची. वहाणेच्या नालाची ठिणगी पडली तर सगळंच उडायचं."

"पण आता तर कोठार रिकामं आहे ना?"

"रिकामंच आहे. पण आमचे वडीलही काढायचे."

मी चपला काढल्या. माझ्यामागून आलेल्या बाईंनी दारातल्या चपला पाहिल्या आणि उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. भीती जुनी झाली की तिची भक्ती होते का? मला काही उमगेना. बाहेर पडताना उंबऱ्याशी मीही वाकले. कुणासाठी, देव जाणे! चपला घातल्या, पण पाऊल मात्र जपूनच टाकलं.