साक्षीची पिग्मी

जिंतूरला बसस्टँडच्या मागं मनिषाची पिठाची गिरणी आहे. नवरा सुगत पुण्याला कंपनीत, सणासुदीला येतो. गिरणी आणि लेक साक्षी, दोन्ही मनिषाच सांभाळते.

साक्षी पाचवीत असताना तिनं लागोपाठ दोन कंपास हरवले आणि वर म्हणाली, "दुसरा घे की!" त्या दिवशी मनिषानं ठरवलं, पोरीला पैशाची किंमत कळलीच पाहिजे. शाळेतून आल्यावर सांडलेलं पीठ झाडायचं, डबे पुसायचे, कुणाची ज्वारी कुणाच्या डब्यात जाऊ द्यायची नाही. मजुरी रोज संध्याकाळी, रोख.

साक्षीला क्रिकेटचं किट हवं होतं. प्लॅस्टिकच्या बॉलनं गल्लीत नाही, तिला मैदानावर लेदर बॉलनं खेळायचं होतं.

"ते तुझ्या पैशातून," मनिषा म्हणाली आणि बाजारातल्या पतसंस्थेत लेकीच्या नावानं पिग्मी सुरू केली. शेजारचे बन्सीधर काका तिथले एजंट. दुकानादुकानांतून रोजची बचत गोळा करायचे. साक्षी त्यांच्या हातावर नाणी ठेवायची आणि पावती मिळेपर्यंत तिथून हलायची नाही. मैत्रिणी बर्फगोळा खायला बोलवायच्या, ही जायची नाही. मनिषा येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना कौतुकानं सांगायची, "लय जपून ऱ्हाती माझी पोरगी."

साक्षी सातवीत गेली त्या वर्षी बन्सीधर काका यायचे एकदम थांबले. पतसंस्थेच्या शटरला कुलूप लागलं होतं, चेअरमन फरार. मनिषा गर्दीत घुसून पोलीस ठाण्यात अर्ज देऊन आली. अर्ज घेणाऱ्यानं रक्कम बघितली. "इथं लाखांवाले बसलेत, बाई," म्हणाला आणि कागद ढिगाखाली सरकवला.

साक्षी घराच्या दारातच उभी होती.

"मिळाले?"

"न्हाई."

"मी तर एकबी खाडा केला न्हाई. मग माझे कसे गेले?"

मनिषा चप्पल काढत राहिली.

साक्षी तशीच तरातरा बन्सीधरांच्या घरी गेली, मागोमाग मनिषा. त्यांच्या बायकोनं सांगितलं, ते घरी न्हाईत. तेवढ्यात आतूनच आवाज आला, "येऊ दे पोरीला."

दाढी वाढलेले काका खाटेवर बसले होते. "बाळा, माझ्या बापाची पेन्शनबी त्यातच हाय. लोक शिव्या द्यायलेत, अंगावर यायलेत. म्या कुठून आणू?" त्यांनी पोरीपुढं हात जोडले. साक्षी घाबरून आईच्या मागं सरकली.

पुढं अर्जाचं काहीच झालं नाही. मनिषा ठाण्यात जायची, साहेब नाहीत म्हणून परत यायची. गिरणीच्या मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च अंगावर आला होता, किट घेणं तिच्यानं होईना. सुगत फोनवर म्हणाला, "दिवाळीत बघू." साक्षीनं मैदानाचं नावच सोडलं. गिरणीतली कामं मात्र चुकवली नाहीत. फक्त मजुरी घेईना.

एका रविवारी मनिषानं तिच्या मुठीत बळंच नोट कोंबली. "जा, मैत्रिणींसंगं भेळ खाऊन ये. समदे उडव."

"नको."

"मग ठेव तरी तुझ्याजवळ."

"कुठं ठेवू?"

तेवढ्यात एक बाई दळण घेऊन आली. साक्षीनं नोट गल्ल्यावर ठेवली, डबा काट्यावर चढवला आणि वजन सांगितलं.

मनिषानं गिरणीचं बटन दाबलं.