बाजेखालच्या सहा फरशा

मधल्या खोलीला फरशी बसवायची ठरली तेव्हा आमचे मालक ताडकळसच्या दुकानातून नमुन्याची एक फरशी घेऊन आले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, राखेच्या रंगाची. मिस्त्री मोजायला येतो म्हणाला आणि आलाच नाही. दुकानात आकडा तर सांगायचा होता.

"तूच काढ हिशेब," मालक म्हणाले. "चौथी पास हाईस की."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सारवून सारवून खोलीची वीत न् वीत ठावं हाय तुला."

मी फरशी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावरून रिकामा हात फिरवला, सारवताना फिरवते तसा. माझ्या हाताचे चार फेर म्हणजे एक फरशी. मग उंबऱ्यात बसले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात सगळी खोली सारवली. पलीकडच्या भिंतीपासून मागं सरकत दारापर्यंत. फेर मोजले, चारानं भागले. चोवीस आल्या. फुटतुटीला दोन जास्त सांगितल्या.

त्या दोन टेम्पोतून उतरवतानाच फुटल्या.

मिस्त्रीनं सकाळी खोली रिकामी केली. बाजेखालची जमीन उंचसखल निघाली, म्हणून तेवढी जागा त्यानं शेवटी ठेवली. दिवस कलायला त्यानं मला हाक मारली.

"वैनी, सहा कमी पडल्या. म्हातारीची बाज सोडून मोजलं जणू तुमी."

मालक हसायला लागले. "आईला फरशीवर घ्यायचं न्हाई का तुला?"

मी दारातून आत बघितलं. नव्या फरशीत बाजेएवढा मातीचा चौकोन उघडा पडला होता.

सासूबाई शेवटी त्या बाजेवरून उठल्याच नाहीत. मी सारवायला बसले की त्या भिंतीकडं तोंड करून पडलेल्या असत, पण माझा हात बाजेपाशी येऊन वळला की त्यांना बरोबर कळायचं.

"बाजंखाली राहिलं बघ."

"तुमी उठल्यावर सारविते, आत्याबाई."

"मी कशाची उठते!"

त्या गेल्या. सुतकात पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला, वर टोपलं झाकलं. सकाळी पिठात कुणाचं पाऊल उमटलं ते बघतात, म्हणजे माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं. आमचं पीठ जसंच्या तसं होतं. भावकीतली एक बाई हळूच म्हणाली, "म्हातारी अजून घरातच हाय." बाकीच्यांनी तिला गप्प केलं. अंथरूण टाकून दिलं, बाज तिथंच राहिली, वर वाकळांची थप्पी चढली. बाजेखाली मी कधीच हात घातला नाही. खोलीत एकटी सारवताना मात्र सासूबाईंचा तो आवाज दर वेळी यायचा. मी मागं वळून बघत नसे.

आता तिथं फरशी बसली की ते सारवण कायमचं राहून जाणार होतं.

"मिस्त्री, फरशा उद्या येतील, तवर मी हे सारविते," मी म्हणाले आणि गोठ्यातून शेण आणलं.

"शेणावर सिमिटाचा माल धरत न्हाई, वैनी."

"सकाळी खरवडून टाका."

"येडी झाली का?" मालक म्हणाले. पण माझ्या तोंडाकडं बघून ते बाहेर गेले.

मी खाली बसले. बाजेच्या पायांचे चार खड्डे आधी मातीनं बुजवले. भिंतीकडच्या कडेला हात मागं वळू लागला, तरी नेला. सगळा चौकोन सारवून झाल्यावर तशीच बसून राहिले. म्हणतील आता काहीतरी. शेणाचं पाणी मातीत मुरत होतं. कुणीच काही बोललं नाही.

सकाळी मिस्त्री यायच्या आधी वाकून बघितलं. सारवणावर माझ्याच बोटांच्या रेघा होत्या.

सहा फरशा आल्या, बसल्या. बाज आता ओसरीत आहे. रोज ओल्या फडक्यानं खोली पुसते. त्या जागेपाशी हात आपोआप वळतो. मी थांबते, कान देते, आणि मग हात पुढं नेते, भिंतीपर्यंत.