मोठ्यानं मोजणारं अंगण

आजोबांच्या खोलीत चार रेडिओ आहेत: एक लाकडी पेटीचा, दोन ट्रान्झिस्टर, एक कातडी पिशवीतला. चारही चालू स्थितीत आणि चारही भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. घानात लष्करानं सत्ता घेतल्याची बातमी ज्या रेडिओनं दिली, तो आजोबा पुन्हा लावत नसत, नवा आणत. एकोणीसशे सहासष्ट, बहात्तर, एकोणऐंशी, एक्क्याऐंशी. त्यांची नात आराबा खाटेवर पडल्यापडल्या ते पुन्हा मोजते. डिसेंबरातली दुपार आहे, वाळवंटाकडच्या कोरड्या वाऱ्याची धूळ खिडकीशी साचतेय. उद्या मतदान. रसायनशास्त्राची पदवी नुकतीच घेतलेल्या आराबाला शाळेतल्या केंद्राची प्रमुख नेमलंय आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आईचं म्हणणं एकच: या घरानं मतपेटीपायी एकदा तुरुंग पाहिला, तेवढा पुरे.

चौथ्या रेडिओपाशी तिचा डोळा लागतो.

आजोबा दारातच स्टुलावर बसलेत. जाऊन नऊ वर्षं झाली, पण सदऱ्याची इस्त्री तशीच कडक. इथल्या रीतीनं ती त्यांना नाना म्हणते.

“बरे आहात ना, नाना?”

“मेलेल्याला न बरं वाटायला काय झालंय? चल.”

ती उठते, तर खोलीचा शाळेतला वर्ग झालेला असतो. भिंतीवरच्या चौकटीत, घाना इंग्रजांची गोल्ड कोस्ट वसाहत होता त्या काळातली, इंग्लंडची राणी आहे, मग नव्या देशाचे पुढारी, मग लष्करी टोप्याच टोप्या. चौकट तीच. या वर्गात आजोबांनी एकदा मतं मोजली होती आणि निघाली तेवढीच सांगितली होती. वरून आलेला आकडा वेगळा होता. मोजताना चूक तर झाली नसेल, असं ती विचारते.

“तीनदा मोजली,” ते हसतात. “चौथ्यांदा तुरुंगात, मनातल्या मनात. पण तेव्हा मी एकटाच होतो, पोरी.”

वर्गाचं दार थेट समुद्रावर उघडतं. वाळूत माणसंच माणसं उभी आहेत, होड्यांवरही चढलीयत. कुणीतरी एक मतपत्रिका उंच धरतं आणि सगळी एका आवाजात आकडा म्हणतात. मग पुढची, मग पुढचा आकडा. हल्ली देशभर केंद्रांच्या अंगणात लोकांसमोर अशीच मोजणी होते, हे तिला ठाऊक आहे. त्या आवाजात पायाखालची वाळू थरथरते, हे मात्र ठाऊक नव्हतं.

“आता आकडा बदलायचा, तर एवढ्या सगळ्यांना गप्प करावं लागेल,” आजोबा म्हणतात.

ते पाण्याचा पेला पुढे करतात. ती घ्यायला जाते, तसे डोळे वटारतात. “डाव्या हातानं? शास्त्रज्ञ झालीस म्हणून?”

मग पेला स्वतःच तिरका करतात. पिण्याआधी पितरांसाठी जमिनीवर चार थेंब सांडायचे, ही इथली रीत. मेलेल्यानं जिवंतांसाठी सांडलेलं तिनं पाहिलेलं नाही.

“दरवेळी तुम्हीच ओतता,” ते म्हणतात. “आज माझी पाळी. उद्या घसा कोरडा पडेल तुझा.”

आराबा जागी होते. मोजणीचा आवाज कानांतून हळूहळू ओसरतो. ती स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगते की मी होकार कळवतेय, पहाटे लवकर उठव. आई फडताळातून डबा काढते. मग त्यात काय देऊ, ते विचारते.

खोलीत परतल्यावर खाटेजवळच्या सिमेंटवर ओल दिसते. पाऊस महिनाभर नाही, छत कोरडं आहे, खोलीत पाणी नाही. ती पट्टी आणून वाकते. डाग उभा बारा सेंटिमीटर, आडवा अकरा.